अजिंठ्याच्या प्रतिकृतींचे दालन आणि चित्रकार सय्यद अहमद

मराठवाड्यातील बौद्ध उपासकाच्या घरात तथागतांची मूर्ती आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे छायाचित्र यांच्या जोडीला पुष्कळदा आणखी एक चित्र आढळते. मान किंचित झुकलेली, डोळे अर्धे मिटलेले, मस्तकावर रत्नजडित मुकुट आणि हातात नीलकमळ. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील हा बोधिसत्त्व पद्मपाणी. दिनदर्शिकेवर, मंगल परिणयाच्या पत्रिकेवर, विहाराच्या प्रवेशद्वारावर, धम्मपरिषदेच्या मंडपात तो आपल्याला इतक्या वेळा भेटतो, की तो कधीकाळी एका अंधाऱ्या लेण्याच्या भिंतीवरच होता आणि तेथून त्याला कोणीतरी हाताने उतरवून बाहेर आणले, हे आपल्या लक्षातही येत नाही. रंगीत छायाचित्रणाची कला साध्य होण्यापूर्वी अजिंठ्याची चित्रे जगाला दाखविण्याचा मार्ग एकच होता. चित्रकाराने लेण्यात बसावे आणि भिंतीवरील आकृती रेषेबरहुकूम उतरवून घ्यावी. असे काम करणाऱ्यांपैकी रॉबर्ट गिल, जॉन ग्रिफिथ्स आणि लेडी हेरिंगहॅम ही नावे ग्रंथांतून येतात. ज्याच्या हातच्या प्रतिकृतींचे दालन आजही आपल्या शेजारी, हैदराबादला आहे, त्या सय्यद अहमदांचे नाव मात्र नांदेड-लातूरकडच्या वाचकाच्या कानावर क्वचितच आलेले असते. प्रस्तुत लेख या चित्रकाराविषयी आणि त्या दालनाविषयी आहे.

आरंभी एका भौगोलिक गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे. अजिंठा हा औरंगाबादकडचा विषय, नांदेड आणि लातूरचा त्याच्याशी काय संबंध, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. इतिहास वेगळे सांगतो. अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी ज्यांच्या राज्यात खोदली व रंगविली गेली, त्या वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी आजचे वाशीम ही होती. त्याच शाखेच्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या वाशीम ताम्रपटात दान दिलेले गाव नान्दीकट या प्रदेशाच्या उत्तर मार्गात असल्याचे म्हटले आहे, आणि नान्दीकट म्हणजे नांदेड हे अभ्यासकांनी मान्य केले आहे. म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, हरिषेणाच्या अमदानीत, ज्या राजसत्तेच्या छायेत पद्मपाणी रंगविला गेला, तिचा नांदेडशी असा जुना संबंध होता. त्याहूनही मागे गेल्यास सुत्तनिपाताच्या पारायणवग्गातील बावरी आठवतो. अस्सकांच्या प्रदेशात गोदावरीच्या काठी राहणाऱ्या या वृद्ध ब्राह्मणाने आपले सोळा शिष्य तथागतांकडे प्रश्न विचारण्यासाठी धाडले. गोदाकाठची ही भूमी बुद्धवचनाला अनोळखी नव्हती.

दुसऱ्यांदा अजिंठा आणि नांदेड एका राज्यात आले ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात. नांदेड हा त्या संस्थानाचा जिल्हा होता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते आणि १९८२ पर्यंत तेथेच राहिले. मनमाडहून निघून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा सिकंदराबादला जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला होता. औरंगाबादकडून संस्थानच्या राजधानीला जाणाऱ्या माणसाला व मालाला हाच रेल्वेचा मार्ग होता.

१८१९ मध्ये जॉन स्मिथ या लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस अजिंठा पडल्यानंतर जे घडले ते सर्वच अभिमानास्पद नाही. पाहायला येणाऱ्यांनी भिंतींवर नावे कोरली, कोणी चित्रांचे तुकडे खरवडून नेले. त्यांतील एक तुकडा विक्री होत होत अमेरिकेतील बोस्टनच्या संग्रहालयात गेला. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल यांची प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक केली. त्यांनी अनेक वर्षे अजिंठ्यात घालवून मोठाल्या कॅनव्हासवर तैलरंगात प्रतिकृती केल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या गेल्या आणि डिसेंबर १८६६ मधील आगीत जवळजवळ सर्व भस्मसात झाल्या. मागाहून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून, पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन, तेच काम नव्याने केले. त्या प्रतिकृतीही लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये तेथील संग्रहालयास लागलेल्या आगीत त्यांतील अनेक जळाल्या. विसाव्या शतकात जपानहून आलेले चित्रकार अराई काम्पो यांनी १९१७-१८ च्या सुमारास प्रतिकृती केल्या. त्या टोकियोस नेण्यात आल्या आणि १९२३ च्या भूकंपानंतर उसळलेल्या आगीत नष्ट झाल्या.

तीन वेळा चित्रे लेण्याबाहेर काढली गेली, तीनही वेळा दूर देशी नेली गेली आणि तीनही वेळा अग्नीने गिळली. योगायोग म्हणून हे सोडून देता येईल. परंतु मूळ चित्रे जेथे आहेत त्या प्रदेशाच्या लोकांसाठी एकही संच ठेवावा, असे त्या काळात कोणाला वाटले नाही, हा योगायोग नव्हे.

आता सय्यद अहमदांकडे वळू. १९०९ ते १९११ या दरम्यानच्या दोन हिवाळ्यांत इंग्लंडमधील चित्रकर्त्री ख्रिस्तियाना हेरिंगहॅम अजिंठ्यास आल्या. त्यांचा तळ लेण्यांजवळच्या फर्दापूर येथे होता. साहाय्यासाठी कलकत्त्याहून अवनींद्रनाथ ठाकुरांच्या शिष्यपरंपरेतील तरुण चित्रकार आले. नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि म्हैसूरकडचे वेंकटप्पा हे ते चौघे. हैदराबाद संस्थानातून दोघे आले, सय्यद अहमद आणि महंमद फजलुद्दीन. या मंडळाच्या प्रतिकृती लंडनच्या इंडिया सोसायटीने १९१५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. पुढे बंगालचे चित्रकार भारतीय कलेच्या इतिहासात मोठे झाले. नंदलालांनी शांतिनिकेतनात एक पिढी घडविली, भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची सजावट त्यांच्या व त्यांच्या विद्यार्थ्यांच्या हातून झाली. आपल्या समाजाला ही गोष्ट विशेष जिव्हाळ्याची वाटावी. ज्या हाताने अजिंठ्याची रेषा गिरवली तोच हात बाबासाहेबांच्या मसुद्याभोवती फिरला. बंगालचे चौघे आपापल्या वाटांनी गेले. सय्यद अहमद अजिंठ्याकडेच राहिले.

हे काम कसे चाले, याची कल्पना आल्याशिवाय त्याचे मोल कळणार नाही. लेण्यात दिवसाही अंधार असतो. पहिल्या किंवा सतराव्या लेण्याच्या मंडपात उजेड येतो तो पुढील दारांतून, आणि बाजूच्या भिंतींवर तो तिरपा, अपुरा पडतो. बाहेरचे ऊन आरशाने वा पांढऱ्या कापडाने आत वळवून घ्यावे लागे, नाहीतर दिवे लावावे लागत. वटवाघुळांचा उपद्रव आणि रानमाशांची पोळी होतीच. चित्र उंचावर असेल तर परांची बांधून तिच्यावर बसायचे. प्रथम पारदर्शक कागद भिंतीशी धरून बाह्यरेषा पेन्सिलीने टिपायच्या. हा कागद भिंतीवर दाबता येत नाही, कारण दीड हजार वर्षांचा गिलावा हलक्या हातानेही सुटून येतो. त्या रेषा मग दुसऱ्या पृष्ठभागावर उतरवून, मूळ चित्रासमोर बसून रंग भरायचे.

गिलाव्याविषयी दोन शब्द अस्थानी होणार नाहीत, कारण आपल्याकडे अजिंठ्याला सरसकट 'फ्रेस्को' म्हणण्याची सवय आहे. खऱ्या फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग दिला जातो आणि चुना वाळताना रंग त्यात मुरतो. अजिंठ्यात तसे नाही. खडबडीत कातळावर लोहयुक्त मातीचा लेप, त्यात भाताचे तूस, वनस्पतींचे तंतू मिसळलेले, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. तांबडा आणि पिवळा हे गेरूच्या जातीचे, काळा काजळीचा, हिरवा एका प्रकारच्या मातीचा. निळा तेवढा परदेशातून येणाऱ्या राजवर्त दगडाचा, म्हणून तो जपून वापरलेला दिसतो. बाकी सारे रंग माती-दगडातून मिळणारे. चित्रकाराने उंची साधनांवर नव्हे, तर रेषेवर भिस्त ठेवली. म्हणूनच नक्कल करणाऱ्याची परीक्षाही रेषेतच होते. रंग जुळविता येतो. पद्मपाणीच्या भुवईची ती एका श्वासात ओढलेली कमान जुळविणे अवघड आहे.

नक्कल करणाऱ्यासमोर आणखी एक प्रश्न असतो आणि तो केवळ तंत्राचा नाही. भिंतीवर जेथे गिलावा पडून गेला आहे तेथे काय करायचे? रिकामी जागा रिकामीच ठेवायची, की उरलेल्या रेषेवरून हात, चेहरा, वस्त्र पूर्ण करायचे? पूर्ण केलेली प्रतिकृती डोळ्याला सुखावते, पण ती पुराव्याच्या कामाची राहत नाही. रिकामी ठेवली तर पाहणाऱ्याला भग्नता दिसते, पण काय होते आणि काय उरले यातील अंतर प्रामाणिकपणे नोंदले जाते. आपल्या इतिहासाच्या बाबतीतही हा प्रश्न वारंवार उभा राहतो, आणि त्याचे उत्तर आपण नेहमीच प्रामाणिकपणे दिलेले आहे असे म्हणवत नाही. प्रतिकृतीचे दुसरे महत्त्व असे, की एकोणिसाव्या शतकात दिसणारे अजिंठ्यातील काही भाग आता भिंतीवर नाहीत. ते केवळ प्रतिकृतीत शिल्लक आहेत. अशा ठिकाणी नक्कलच साक्षीदार होते.

हैदराबाद संस्थानाने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापन केले आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. या खात्याने सय्यद अहमदांना अजिंठ्याचे क्युरेटर नेमले. पुढे त्यांना खान बहादुर हा किताबही मिळाला. १९२० ते १९२२ या काळात लोरेन्झो चेक्कोनी व ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ चित्रांच्या रक्षणासाठी आले. त्यांनी सुटू पाहणारा गिलावा चिकटवून धरला. चित्रांवर वेळोवेळी दिलेली लाखेची झिलई पुढे पिवळी पडून त्रासदायक ठरली, ती काढण्याचे काम भारतीय पुरातत्त्व खात्याला अनेक दशके करावे लागले, ही गोष्ट वेगळी. यझदानींचा अजिंठ्यावरील बृहद्ग्रंथ चार भागांत निघाला, त्याची वर्षे १९३०, १९३३, १९४६ आणि १९५५ अशी आहेत. त्यातील चित्रे छायाचित्रांवर आधारलेली होती. म्हणजे याच काळात यंत्राने हाताची जागा घेण्यास आरंभ केला होता. मात्र त्या काळच्या छायाचित्रातील आणि छपाईतील रंग विश्वासार्ह नसत. रंगाबाबत प्रत्यक्ष भिंतीसमोर वर्षानुवर्षे बसलेल्या माणसाच्या डोळ्यालाच शेवटचा शब्द होता.

हैदराबादच्या सार्वजनिक बागेत १९३० मध्ये संस्थानाचे संग्रहालय सुरू झाले. आज ते तेलंगण राज्य पुरातत्त्व संग्रहालय म्हणून ओळखले जाते. तेथील अजिंठा दालनात सय्यद अहमद आणि महंमद जलालुद्दीन यांच्या हातच्या प्रतिकृती आहेत. दोन नावे असल्याने हे दालन काटेकोर अर्थाने एकाच चित्रकाराचे म्हणता येणार नाही. तथापि हेरिंगहॅमांच्या मंडळापासून पुढचा सारा काळ अजिंठ्याशी बांधलेला हात सय्यद अहमदांचा आहे, आणि म्हणूनच हे त्यांचे दालन, असे प्रस्तुत लेखकास वाटते. सामान्य प्रेक्षकांत या संग्रहालयाची ख्याती आहे ती इजिप्तहून आणलेल्या ममीमुळे. दोन हजार वर्षांपूर्वीचे प्रेत पाहण्यास जी गर्दी होते ती पद्मपाणीच्या वाट्याला येत नाही. त्याला बिचारा सय्यद अहमद काय करणार!

येथे एक अवघड प्रसंग सांगणे प्राप्त आहे, कारण तो टाळला तर हा लेख संस्थानाच्या कलाप्रेमाची प्रशस्ती ठरेल. १९३४ मध्ये बाबासाहेब आपल्या चळवळीतील सहकाऱ्यांसह सहलीस निघाले. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असा त्या सहलीचा संकल्प होता. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या या मंडळींनी किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदावर हातपाय, तोंड धुतले. त्याबरोबर हौद बाटविला म्हणून आरडाओरडा झाला, शिवीगाळ झाली, जमाव जमला. अखेर आत कोठेही पाण्याला शिवणार नाही, या अटीवर त्यांना किल्ला पाहू देण्यात आला आणि सोबत सशस्त्र शिपाई देण्यात आला. ही हकिकत बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत स्वतःच नोंदविली आहे. हिंदूला जो अस्पृश्य तो मुसलमानालाही अस्पृश्य, हे त्यांना तेथे दाखवायचे होते.

आता तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. यझदानींच्या ग्रंथाचा दुसरा भाग निघाला १९३३ मध्ये. संस्थानाच्या अधिकृत आश्रयाने, उंची कागदावर, तथागतांच्या आणि बोधिसत्त्वांच्या चित्रांचे ग्रंथ जगभरच्या विद्वानांकडे जात होते. त्याच संस्थानात, दुसऱ्याच वर्षी, बौद्ध लेणी पाहण्यास निघालेल्या माणसांना हौदातील पाणी नाकारले गेले, आणि त्या माणसांत पुढे लक्षावधींना बुद्धाकडे नेणारा महापुरुष होता. बुद्धाचे चित्र जतन करणे आणि बुद्धाची समता जतन करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दुसरीवाचून होऊ शकते, हे दौलताबादने दाखवून दिले. यात सय्यद अहमदांचा दोष नाही. परंतु त्यांच्या प्रतिकृती कोणासाठी केल्या जात होत्या, हा प्रश्न त्यामुळे टळत नाही. नांदेड वा उस्मानाबाद जिल्ह्यातील महारवाड्यातल्या माणसासाठी त्या नव्हत्या. राजधानीच्या बागेतील दालन त्याच्या कल्पनेच्याही पलीकडे होते.

मग तो दिवस आला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्य मोडले. मराठवाड्याचे जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि हैदराबाद आंध्र प्रदेशात गेले. मराठवाड्यातील अस्पृश्य बौद्ध होत असतानाच मराठवाड्याच्या बौद्ध चित्रांच्या प्रतिकृती परराज्यात राहून गेल्या. त्यात कोणाचे कपट नव्हते. संग्रहालय राजधानीत होते, राजधानी तेथेच राहिली, इतकेच. पण परिणाम असा झाला, की ज्या पिढीला अजिंठा प्रथमच आपला वाटला, तिला तो मिळाला छापील दिनदर्शिकेतून. भडक निळा, गुळगुळीत गुलाबी. अजिंठ्याच्या गेरूचा, काजळीचा मागमूस नसलेला पद्मपाणी आपण पिढ्यान्पिढ्या भिंतीवर लावत आलो आहोत.

चित्रकाराच्या नावाचा प्रश्न येथे पुन्हा येतो. अजिंठ्याचे चित्रकार अनाम राहिले, आणि हे अनामत्व म्हणजे बौद्ध विनम्रता, अहंकाराचा त्याग, असे अनेक कलासमीक्षक मोठ्या भक्तिभावाने लिहितात. लेख मात्र तसे सांगत नाहीत. दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर वासिठीपुत कटहादिचे नाव आहे. सोळाव्या लेण्यात हरिषेणाचा सचिव वराहदेव आपल्या वंशाची व स्वामीची कीर्ती सविस्तर सांगतो. सव्विसाव्यात भिक्षू बुद्धभद्राचा लेख आहे. दाते आपली नावे कोरून घेत होते, त्यात त्यांना अहंकार वाटला नाही. नाव नाही ते रंगवणाऱ्याचे. कारागिराने नाव लिहू नये असा बौद्ध दंडक होता म्हणावे, तर पितळखोऱ्याचा यक्ष समोर येतो. त्या मूर्तीच्या तळहातावर ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविल्याचे स्पष्ट कोरलेले आहे. कोंडाणे लेण्यातही कण्हाचा शिष्य बलक याचे नाव आहे. म्हणजे जेथे संधी मिळाली तेथे कष्टकऱ्याच्या हाताने आपले नाव लिहिले. अजिंठ्यात ती संधी मिळाली नाही. भिंत ज्याच्या मालकीची होती, नाव त्याचे राहिले.

नांदेड जिल्ह्याच्या वाचकाला नावाचे मोल समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. विद्यापीठाच्या नामांतरासाठी याच जिल्ह्यात १९७८ मध्ये पोचीराम कांबळे मारले गेले आणि १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. तेव्हा हैदराबादचे दालन 'अजिंठा दालन' आहे, ज्याने ते भरले त्याचे नाव मात्र चित्राखालच्या पाटीपुरते उरले, ही गोष्ट आपल्याला किरकोळ वाटू नये. रॉबर्ट गिल आणि पारो यांची कथा ना. धों. महानोरांच्या दीर्घकाव्यामुळे व २०१२ मधील चित्रपटामुळे मराठी घरोघरी पोहोचली. गिलच्या बहुतेक प्रतिकृती जळाल्या, त्यांची कथा उरली. सय्यद अहमदांच्या प्रतिकृती उरल्या, कथा कोणी सांगितली नाही. एक मुसलमान चित्रकार आयुष्याची उमेदीची वर्षे जातकांच्या समोर बसून काढतो. छद्दंत हत्ती, वेस्संतर, महाजनक यांच्या रेषा गिरवीत राहतो. ज्या धम्माला आपल्या भूमीत तेव्हा अनुयायी उरले नव्हते त्याच्या चित्रांची राखण करतो. हे केवळ नोकरीसाठी होते असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि ते धर्मभावनेने होते असे म्हणायला आधार नाही. हाताला लागलेली ओढ, असे म्हणून थांबावे.

एका माणसाच्या कामावर उभे राहिलेले छोटे संग्रहालय आपल्या प्रदेशाला अपरिचित नाही. कोल्हापुरात नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांनी आपले राजारामपुरीतील घर चित्रांसह शासनाच्या स्वाधीन केले आणि तेथे त्यांच्या चित्रांचे संग्रहालय झाले. लातूरच्या अगदी जवळचे उदाहरण तेरचे. रामलिंगप्पा लामतुरे या गृहस्थांनी गावातील शेतांतून, पांढरीतून निघणारे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती वेचून सांभाळल्या, आणि त्यांच्या संग्रहातून त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय उभे राहिले. तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथील त्रिविक्रमाचे मंदिर मूळचे विटांचे बौद्ध चैत्यगृह होते, हे अभ्यासकांना मान्य आहे. एका खेड्यातील एका माणसाच्या वेचक नजरेने जे साधले, ते राजधानीच्या खात्यांना साधले नाही. तेरच्या संग्रहालयास लामतुऱ्यांचे नाव आहे, म्हणून तेथे जाणारा शाळकरी मुलगाही विचारतो, की हे लामतुरे कोण?

नांदेडला १९९४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे, लातूर जिल्हाही त्याच्या कक्षेत येतो. औसा तालुक्यात खरोशाच्या टेकडीवर जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत. विहारांच्या नव्या वास्तूंत भिंती मोठ्या आहेत आणि त्या रंगविण्याचा उत्साहही मोठा आहे. त्या भिंतींवर दिनदर्शिकेची नक्कल करण्यापेक्षा अजिंठ्याच्या रेषेची नक्कल व्हावी, त्यासाठी आपल्या तरुण चित्रकारांनी प्रथम सय्यद अहमदांचे काम डोळ्यांखालून घालावे, ही अपेक्षा अवास्तव नाही.

आरंभासाठी एक दृश्य सुचविता येईल. सतराव्या लेण्यात गर्भगृहापुढील दालनाच्या भिंतीवर कपिलवस्तूला परतलेले तथागत भिक्षापात्र घेऊन उभे आहेत. ते विराट आहेत, समोरची यशोधरा आणि राहुल लहान आहेत. राहुल आपल्या पित्याकडे वारसा मागण्यास आला आहे. मूळ भिंत अजिंठ्यात आहे. गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या आगीतून वाचलेल्या प्रतिकृती लंडनमध्ये आहेत. हेरिंगहॅमांच्या मंडळाचा ग्रंथ मोठ्या ग्रंथालयांत मिळू शकतो. सय्यद अहमद आणि जलालुद्दीन यांच्या प्रतिकृती हैदराबादला, नामपल्ली स्थानकाहून पायी जाता येईल अशा बागेत. कोणत्या हाताने कोणती रेषा कशी वाचली, हे एकमेकांशेजारी ठेवून ताडण्याचे काम नांदेडला बसून सुरू करणाऱ्यास पहिला प्रवास एका रात्रीच्या रेल्वेचा आहे.